उभं राहण्याची मजुरी

ज्वारी पोटरीत आली की शेतकरी आभाळाकडे जरा जास्तच बघू लागतो. कणीस अजून बाहेर पडलेलं नसतं, वरच्या पानाच्या आवरणात ते वाढत असतं आणि ताटाचा तेवढाच भाग फुगलेला दिसतो. त्या दिवसांत एखादं पाणी मिळालं तर दाणा भरतो, नाहीतर पुढचं सगळं अवघड. पायाच्या मागच्या फुगीर भागालाही आपण तोच शब्द वापरतो आणि त्यातलं 'पोट' कानाला सहज ऐकू येतं. गंमत म्हणजे ग्रीकांनाही तिथे पोटच दिसलं. डॉक्टर ज्याला गॅस्ट्रोक्नेमियस म्हणतात, त्या स्नायूच्या नावात 'गॅस्टर' म्हणजे पोट आणि 'क्नेमे' म्हणजे गुडघ्याखालचा पाय.

दोन्ही भाषांनी नाव ठेवलं ते फुगवट्याला. पोटरीबद्दल वाचत गेले तशी माझी खात्री होत गेली, की या नावाने आपली थोडी फसगतच केली आहे. जे दिसतं ते दर्शनी दालन. राबता सगळा माजघरात आहे. शिवाय स्नायू म्हटला की तो काहीतरी हलवतो, उचलतो, फेकतो असं आपण धरून चालतो. पोटरीच्या वाट्याला मात्र बहुतेक कामं धरून ठेवण्याची आली आहेत.

हे पुस्तकातल्या चित्रावरून कळत नाही, हाताला लगेच कळतं. ओट्याला एक हात टेकून उभे राहा आणि दुसरा हात पोटरीवर ठेवा. गुडघे ताठ ठेवून टाचा उचला. तळव्याखाली दोन गड्डे टणक होतील, आतल्या बाजूचा मोठा आणि थोडा खालपर्यंत उतरलेला, बाहेरचा लहान आणि आखूड. हे गॅस्ट्रोक्नेमियसचे दोन भाग. दोन्ही उगम पावतात मांडीच्या हाडाच्या खालच्या टोकाला, म्हणजे गुडघ्याच्या वर. आता टाचा उचललेल्याच ठेवा आणि गुडघे थोडे वाकवा. गड्डे ढिले पडतील. गुडघा वाकल्याने त्यांची दोरी सैल झाली. तरीही तुम्ही चवड्यांवर उभेच आहात. मग वजन कोण पेलतंय? बोटं जरा खाली, पोटरीच्या दोन्ही कडांकडे सरकवा. तिथे जो रुंद, चपटा ताठरपणा लागेल तो सोलियस.

सोलियस हे नाव लॅटिनमध्ये चप्पल आणि एक चपटा मासा या दोघांशी नातं सांगतं. आपल्या बाजारातला लेपा डोळ्यांसमोर आणला तरी चालेल. हा स्नायू गुडघ्याच्या वर जातच नाही. नडगीच्या हाडाच्या आणि तिच्या शेजारच्या बारीक हाडाच्या मागून निघतो आणि सरळ खाली उतरतो. त्याचे तंतू आखूड, तिरपे आणि दाटीवाटीने बसवलेले असतात. तंतू आखूड असले की फार लांब ओढता येत नाही, पण गर्दी असली की जोर येतो. छेद घेऊन मोजलं तर सोलियस गॅस्ट्रोक्नेमियसपेक्षा मोठा भरतो, आणि त्यातले दहापैकी आठेक तंतू संथ जातीचे, न थकणारे असतात. गॅस्ट्रोक्नेमियसमध्ये संथ आणि चपळ तंतू जवळजवळ निम्मे-निम्मे. धावायला, उडी मारायला गड्डे. दिवसभर उभं राहायला लेपा.

या दोघांच्या मधून एक तिसराही जातो. प्लॅन्टॅरिसचं मांस बोटाएवढं आणि त्याची तार मात्र टाचेपर्यंत लांब, बारीक. शंभरातल्या सात ते दहा जणांना तो नसतोच आणि नसल्याचं त्यांना जन्मभर कळत नाही. शवविच्छेदनाच्या टेबलावर पहिल्या वर्षाची मुलं त्याच्या तारेलाच चेतातंतू समजून बसतात, म्हणून इंग्रजीत त्याला 'नवशिक्याची नर्व्ह' असं चिडवतात. आपल्याला हसायचा अधिकार नाही. मराठीत रक्ताची ती शीर, संवेदना नेते तीही शीर आणि स्नायूला हाडाशी बांधते तीसुद्धा शीर. 'शीर आखडली', 'शीर दबली', 'शीर तुटली' या तीन तक्रारी तीन वेगळ्या वस्तूंच्या असतात. डॉक्टरांचा अर्धा वेळ ही शीर नेमकी कुठली हे शोधण्यातच जात असेल.

गॅस्ट्रोक्नेमियस आणि सोलियस खाली एकत्र येऊन जी दोरी होते ती शरीरातली सगळ्यात जाड कंडरा. लांबी सुमारे 15 सेंटिमीटर. अकिलीस हे ग्रीक वीराचं नाव तिला 1693मध्ये फिलिप व्हेरहेयन या फ्लेमिश शरीरशास्त्रज्ञाच्या ग्रंथातून चिकटलं. तिचे तंतू सरळ उतरत नाहीत. सुंभ वळावा तसे ते खाली येताना पीळ घेतात आणि मग टाचेच्या हाडावर बसतात. चिंपांझी आणि गोरिला यांच्या पायात ही दोरी अगदी आखूड असते, मांस जवळजवळ टाचेपर्यंत येतं. माणसाचा पाय घोट्याकडे निमुळता होतो तो या लांब दोरीमुळे. डेनिस ब्रॅम्बल आणि डॅनियल लिबरमन यांनी 2004मध्ये 'नेचर'मध्ये मांडलं, की आपले पूर्वज लांब अंतर धावणारे प्राणी झाले, त्याच्या खुणांपैकी ही एक. त्यांचा पूर्ण सिद्धान्त सगळ्यांना पटलेला नाही, पण दोरी लांब असण्याचा फायदा मोजून दाखवलेला आहे. रॉबर्ट केर, मॅकनील अलेक्झांडर आणि सहकाऱ्यांनी 1987मध्ये हिशेब मांडला तो असा: मध्यम वेगाने धावताना प्रत्येक पावलाला साधारण 100 ज्यूल ऊर्जा शरीराच्या हाती येते आणि जाते. त्यातली 35च्या आसपास ही कंडरा ताणली जाताना साठवून ठेवते, 17 तळपायाची कमान साठवते आणि पाय उचलताना दोघी बरीचशी परत करतात. म्हणजे निम्मी रक्कम दर पावलाला बँकेत जाते आणि लगेच काढली जाते.

इथे पोटरीचं खरं काम उघडं पडतं. 2001मध्ये जपानच्या तेत्सुओ फुकुनागा यांच्या गटाने चालणाऱ्या माणसांच्या पोटरीवर अल्ट्रासाउंडचा तुकडा बांधून आतले तंतू चालतानाच पाहिले. तोवरचा समज असा, की घोटा हलतो तसा स्नायू लांब-आखूड होत असणार. दिसलं वेगळंच. पाऊल जमिनीवर टेकलेलं असताना बराच वेळ गॅस्ट्रोक्नेमियसचे तंतू आपली लांबी जवळपास कायम ठेवतात. लांबते आणि आखडते ती कंडरा. स्नायू फक्त दोरीचं वरचं टोक घट्ट धरून बसतो. झोपाळ्यात कडीपाटाचं जे काम, तेच त्याचं. आखडत-पसरत काम करण्यापेक्षा जागच्या जागी धरून बसणं स्नायूला बरंच स्वस्त पडतं.

ही गोष्ट खरी आहे का, याची सर्वांत सुंदर परीक्षा माझ्या मते 2015ची. स्टीव्हन कॉलिन्स, ब्रूस विगिन आणि ग्रेगरी सॅविकी यांनी पोटरीला समांतर बसेल असं एक साधन बनवलं. त्यात मोटर नाही, बॅटरी नाही. एक स्प्रिंग आणि योग्य वेळी ती अडकवणारी-सोडणारी कळ, एवढंच. धरून ठेवायचं काम स्प्रिंगने उचललं आणि चालायला लागणारी ऊर्जा सुमारे 7 टक्क्यांनी घटली. बाहेरून कणभर शक्ती न देता! लाखो वर्षं घासूनपुसून तयार झालेल्या चालीत आणखी 7 टक्के वाचवता आले याचं त्या संशोधकांनाही कौतुक वाटलं असणार. एक वाद मात्र शिल्लक आहे. पाऊल उचलताना घोट्यातून जो जोराचा झटका निघतो, तो सगळं शरीर पुढे ढकलतो की मुख्यतः मागचा पायच पुढे भिरकावतो? चालीचा अभ्यास करणाऱ्यांचे यावर दोन तट आहेत आणि मला दोन्हींत तथ्य दिसतं.

चालणं तरी दिसतं. उभं राहणं हे काम आहे हेच आपल्या लक्षात येत नाही. शरीराचा भार घोट्यावर सरळ उतरत नाही, घोट्याच्या चार-पाच सेंटिमीटर पुढे उतरतो. म्हणजे उभा माणूस सतत पुढे पडत असतो आणि सोलियस त्याला सतत मागे धरून असतो. देवळाच्या रांगेत, लोकलच्या दारात, वर्गात फळ्यापुढे, कंडक्टरच्या ड्युटीवर. विटेवरच्या विठोबाचे हात कमरेवर आहेत, पोटऱ्यांवर असते तरी शोभलं असतं. इयान लोरॅम आणि सहकाऱ्यांनी 2005मध्ये दाखवून दिलं, की शांत उभं असताना शरीर पुढे झुकतं तेव्हा पोटरीचे तंतू ताणले जाण्याऐवजी उलट आखडतात. कंडरा लवचीक असल्याने शरीराच्या झुकण्याचा अंदाज घेऊन मेंदू पोटरीला बारीक-बारीक झटके देत राहतो. उभं राहणं म्हणजे हातावर काठी तोलण्याचा खेळ, फक्त काठीही आपण आणि हातही आपणच.

आता व्हॉट्सअॅपवर फिरणारा तो निरोप: 'पोटरी हे शरीराचं दुसरं हृदय आहे.' दर दोन महिन्यांनी तो माझ्याकडे येतो, सोबत लाल रंगात रंगवलेला पाय. यातली निम्मी गोष्ट खरी आहे. पायातलं रक्त वर चढवायचं तर गुरुत्वाकर्षण आडवं येतं. माणूस निश्चल उभा असेल तेव्हा घोट्याजवळच्या शिरेतला दाब सुमारे 90 मिलिमीटर पाऱ्यापर्यंत जातो. तो चालू लागला, की डझनभर पावलांच्या आत हाच दाब 30च्या खाली येतो. सोलियसच्या आत रक्ताच्या रुंद पिशव्यांसारख्या शिरा असतात. स्नायू आवळला की त्या पिळल्या जातात, आणि शिरांमधल्या झडपा रक्ताला खाली परतू देत नाहीत. या झडपांचं नीट वर्णन पादुआच्या फॅब्रिशियसने 1603मध्ये छापलं. त्याचा विद्यार्थी विल्यम हार्वी. रक्ताभिसरणाचा शोध हार्वीने 1628मध्ये मांडला तो या झडपांवरही बोट ठेवूनच.

पण हृदय आपण झोपलो तरी चालतं, पोटरी चालत नाही. माझ्या मते तिला हापसा म्हणावं. दांडा हलवला तर पाणी, नाही हलवला तर नाही, आणि आतली झडप गेली की कितीही हलवा, पाणी खालीच. झडपा निकामी झाल्या की शिरा फुगून वेड्यावाकड्या दिसू लागतात. घोट्याजवळ कातडी काळवंडते आणि कधी न भरणारी जखम होते. एनसीसीच्या परेडला उन्हात 'सावधान'मध्ये उभी असलेली मुलं कोसळतात, त्यामागेही पायात साचलेलं रक्त हे एक कारण असतं. बुटाच्या आत बोटं हलवत राहायची युक्ती मोठ्या मुलांनी आम्हाला शिकवली होती. शास्त्र कुणालाच माहीत नव्हतं, पण हापसा चालू होता.

हापसा बंद राहिला तर काय होतं, हे रुग्णालयाच्या खाटेवर दिसतं. मोठी शस्त्रक्रिया, बाळंतपण, प्लास्टर, लांबचा विमानप्रवास. रक्त साचतं आणि पुष्कळदा सोलियसच्या त्या पिशव्यांतच पहिली गुठळी धरते. रक्त मंदावणं, शिरेच्या अस्तराला इजा आणि रक्ताचा गोठण्याकडे कल ही तीन कारणं रुडॉल्फ व्हिरकोच्या नावाने आजही शिकवली जातात. गुठळी सुटून फुप्फुसात गेली तर जीव जाऊ शकतो. म्हणूनच सिस्टर सारखं सांगत असते, 'पंजे वर-खाली करत राहा.' इथे आपल्या एका प्रेमळ सवयीबद्दल स्पष्ट बोललं पाहिजे. एकाच पायाची पोटरी सुजली, गरम लागली, दुखू लागली आणि नुकतंच ऑपरेशन, बाळंतपण किंवा अंथरुणावर पडणं झालं असेल, तर पाय चेपू नका, तेल लावून रगडू नका. आधी सोनोग्राफी. पाऊल वर ओढून दुखतं का पाहायची जॉन होमन्स यांची 1944ची खूण पुस्तकांत अजून आहे, पण तिच्यावर विसंबता येत नाही.

चेपणं इतर वेळी चांगलंच. आळंदीहून पंढरपूरला अडीचशे किलोमीटर चालणाऱ्या वारकऱ्याचे पाय मुक्कामावर कुणी चेपून दिले, तर त्याला शरीरशास्त्र समजावायची गरज नसते.

रात्री दोनला आईची हाक येते, 'अगं, गोळा आलाय गं!' मी जाऊन तिच्या पायाचा अंगठा धरून पंजा नडगीकडे ओढते. हाताखाली पोटरी दगडासारखी असते, तिचा एक कोपरा कातडीखाली वळवळताना दिसतो, आणि मिनिटभरात कुणी गाठ सोडवावी तशी ती सैल पडते. हा उपाय तिच्या आईचा, आणि आजवर मला याहून चांगला सापडलेला नाही. ताणल्याने कंडरेतले संवेदक पाठीच्या कण्याला 'सोड' असा निरोप धाडतात. पेटका मुळात का येतो याबद्दल मात्र दोन पक्ष आहेत. जुना पक्ष घाम आणि मीठ यांना दोष देतो. मार्टिन श्वेलनस यांनी 1997मध्ये दुसरा पक्ष मांडला: थकलेल्या स्नायूला आवळायला सांगणारे संदेश वाढतात आणि सोडायला सांगणारे घटतात. 2010मध्ये केविन मिलर यांच्या प्रयोगात काकडीच्या लोणच्याचं खारट-आंबट पाणी पाजलं, तर साध्या पाण्याच्या तुलनेत पेटका सरासरी 49 सेकंद आधी सुटला. एवढ्या वेळात मीठ पोटातून रक्तात पोचूच शकत नाही; घशातल्या झणझणीतपणाने मज्जासंस्थेला धक्का बसला असावा. (कैरीच्या लोणच्याने तसं होतं का, हे कुणी तपासलेलं माझ्या वाचनात नाही. खार थोडा बाजूला ठेवायला हरकत नसावी.) मॅग्नेशियमच्या गोळ्या वयस्कांच्या रात्रीच्या पेटक्यांवर फारशा उपयोगी पडत नाहीत, असं चाचण्या एकत्र तपासणाऱ्यांचं म्हणणं आहे. खप मात्र जोरात आहे.

चालताना ठरावीक अंतरावर पोटरी दुखून थांबावं लागणं आणि थांबलं की बरं वाटणं, हा पेटका नव्हे. ती रक्तवाहिनी अरुंद झाल्याची खूण, बिडी-सिगारेट ओढणाऱ्यांत आणि मधुमेहींत जास्त. लहान मुलाच्या पोटऱ्या पैलवानासारख्या भरलेल्या आणि तरी ते मांडीवर हात टेकत टेकत उठत असेल, तर कौतुक न करता डॉक्टर गाठावा. ड्यूशेनच्या आजारात मांसाच्या जागी चरबी आणि तंतू भरून पोटरी जाड दिसते.

मधुमेहींसाठी आणखी एक बातमी 2022मध्ये फिरली. ह्यूस्टन विद्यापीठाचे मार्क हॅमिल्टन यांनी बसलेल्या माणसांना पंजा टेकवून टाच वर-खाली करायला लावली. ग्लुकोजचं पाणी प्यायल्यानंतरची रक्तातली साखरेची उसळी 52 टक्क्यांनी कमी भरली. सोलियस शरीराच्या वजनाच्या जेमतेम 1 टक्का, पण तो स्वतःची साठवलेली साखर फारशी न वापरता रक्तातली साखर आणि चरबी जाळत राहतो, असं त्यांचं निरीक्षण. मला हे पटण्याजोगं वाटतं, कारण न थकणाऱ्या तंतूंकडून हीच अपेक्षा असते. पण व्हिडिओ बनवणाऱ्यांनी तीन गोष्टी गाळल्या: माणसं मोजकीच होती, हालचाल यंत्रांच्या मदतीने बेतून शिकवलेली होती आणि ती तब्बल साडेचार तास चालली. टीव्हीपुढे दहा मिनिटं पाय हलवून गोळी बंद करायला निघालेल्यांना हे कुणी सांगत नाही.

अकिलीस कंडरा तुटते ती बहुधा टाचेच्या 2 ते 6 सेंटिमीटर वर, जिथे रक्तपुरवठा तोकडा असतो. आवाज होतो, आणि मागून कुणीतरी लाथ मारली असं वाटतं. तुटली का ते बघायची परीक्षा साधी: रुग्णाला पालथं झोपवून पोटरी दाबायची, पाऊल हललं नाही तर दोरी तुटली. 2013मध्ये बास्केटबॉलपटू कोबी ब्रायंटची तुटली, आणि त्या पायावर उभं राहून त्याने दोन्ही फ्री थ्रो टाकले. सिप्रोफ्लॉक्सॅसिनच्या घराण्यातल्या अँटिबायोटिक गोळ्यांनी ही कंडरा कमकुवत होऊ शकते असा ठळक इशारा अमेरिकेने 2008मध्ये द्यायला लावला. आपल्याकडे जुलाबाला त्या गोळ्या परस्पर दुकानातून आणल्या जातात, म्हणून हे सांगितलं. उंच टाचांच्या सवयीने गॅस्ट्रोक्नेमियसचे तंतू सुमारे 13 टक्क्यांनी आखूड आणि कंडरा ताठर होते हे 2010मध्ये मोजलं गेलं. अशी सवय मोडून एकदम सपाट चप्पल घातली की पोटरी का ओढते ते त्यावरून कळलं. उलट, टाचा टेकून उकिडवं बसणाऱ्याचा सोलियस म्हातारपणापर्यंत लांबीला पुरतो.

माझं स्वतःचं प्रकरण इतकं भव्य नव्हतं. सोसायटीच्या कोर्टवर बॅडमिंटन खेळताना पुढचं शटल उचलायला धावले आणि डाव्या पोटरीवर कुणीतरी रॅकेट हाणली. वळून पाहिलं तर मागे कुणी नाही. आतला गड्डा कंडरेला मिळतो तिथे फाटला होता. 1883मध्ये लॉन टेनिस खेळणाऱ्यांत हे दुखणं वर्णिलं गेलं आणि पुढे बराच काळ त्याचं खापर बिचाऱ्या प्लॅन्टॅरिसवर फुटत राहिलं. एका ओळखीच्या माणसाने पहिल्याच दिवशी जोरात मालिश करून दिलं आणि तिसऱ्या दिवशी घोट्यापर्यंत निळंजांभळं उतरलं. चूक त्याची कमी, हो म्हणणारीची जास्त.

बरं झालं ते टाचा उचलूनच. कंडरा दुखते तिच्यासाठी स्वीडनच्या हाकान आल्फ्रेडसन यांनी 1998मध्ये जो व्यायाम मांडला, पायरीच्या कडेवर चवडा ठेवून टाच हळूहळू खाली सोडायची, तो आता जगभर चालतो. तिथेही पुन्हा धरून ठेवणंच: उचलण्यापेक्षा सोडताना आवरायचं.

फिजिओथेरपीत बाकीच्या स्नायूंची ताकद हाताने दाबून बघतात. पोटरीची बघता येत नाही, कारण तपासणाऱ्याचा हात तिच्यापुढे टिकत नाही. म्हणून एका पायावर उभं करून टाचा उचलायला लावतात. निरोगी माणसाला 25 वेळा जमावं असा मापदंड आहे. म्हातारपणी पोटरीचा घेरच मोजतात: आशियाई तज्ज्ञांच्या 2019च्या मापदंडानुसार पुरुषांत 34 आणि स्त्रियांत 33 सेंटिमीटरच्या खाली गेला तर मांस आटतंय का ते तपासावं. जपानमध्ये टेपही लागत नाही. दोन्ही हातांचे अंगठे आणि तर्जन्या जोडून कडं करायचं आणि ते पोटरीच्या जाड भागाभोवती घालायचं. मध्ये फट राहिली तर लक्ष द्यायचं.

परवा ओट्यापाशी मी डाव्या पायावर मोजत होते. आई भाकरी थापता थापता बघत होती. सतराव्याला टाच खाली आली. 'झालं?' म्हणाली, हात पुसले, आणि फडताळावरची मिठाची बरणी काढायला दोन्ही चवड्यांवर उभी राहिली.